पन्हळीची अँटेना

हे मंगळवारी गेले. शुक्रवारी पन्हळ बदलणारा आला. ती गळते म्हणून त्याला मीच आधी सांगून ठेवलं होतं.

“वहिनी, पत्रा सडलाय. प्लॅस्टिकची बसवतो,” तो शिडीवरून म्हणाला. मग पन्हळीला जोडून खिडकीतून आत नेलेली तार त्याला दिसली. “ही कसली?”

“यांच्या रेडिओची. पन्हळच अँटेना आहे.”

“मग आमच्या छत्रीच्या दांडीवर दिल्ली केंद्र लागायला पाहिजे,” तो हसला.

छपरावर अँटेनाचा खांब वाईट दिसेल म्हणून मी उभारू दिला नव्हता. यांनी न भांडता पन्हळीला तार जोडली, आणि पाणी वाहून न्यायला केलेल्या पत्र्यातून लांबच्या माणसांचे आवाज घरात येऊ लागले. वस्तू नेमून दिलेलं कामच करते, असं आपण धरून चालतो. माणसांबद्दलही तसंच धरतो.

रोज सकाळी सात वाजता यांचे हॅम रेडिओवरचे मित्र, आपापल्या घरच्या संचांवरून, एकमेकांची हजेरी घेतात. तीन दिवस मी संच लावते आहे. यांचं नाव घेऊन ते थोडं थांबतात. “आज पण नाहीत वाटतं,” कोणीतरी म्हणतं, आणि पुढचं नाव येतं. त्यांना काही माहीत नाही. मला ऐकता येतं. बोलायला परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही. त्यांचे फोन नंबर यांच्या वहीत आहेत. पण कळवलं की यांचं नाव यादीतून निघेल. वही उघडते, मिटते, पुन्हा उघडते.

“पत्राच राहू द्या,” मी त्या माणसाला म्हटलं.

फोन अजून केलेला नाही. सकाळी सातला यांच्या नावाने एक हाक येते, तेवढी उरली आहे.