माथ्याकडची बाजू

नुसरत मॅडमची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण झालं ते सतरंजीच्या कोपऱ्यावरून. नवऱ्याची विमा कंपनीतली बदली जयपूरला झाली तेव्हा मीही सोलापूर सोडून इथे आले आणि जगतपुऱ्यातल्या एका खासगी कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले. वाचनालयाला लागून जुन्या मासिकांची एक खोली होती. ती रिकामी करून मुलींना आणि शिक्षिकांना नमाजासाठी दिली होती. पहिल्याच आठवड्यात मी आत डोकावले. नमाजाच्या मखमली सतरंज्या, म्हणजे मुसल्ले, ओळीनं अंथरलेले होते आणि प्रत्येकाचा एक कोपरा दुमडलेला होता. सोलापूरच्या बाईला अंथरलेल्या कापडाचा दुमडलेला कोपरा बघवत नाही. मी वाकून एकेक सरळ करत निघाले.

"कोना मुड़ा रहने दीजिए," मागून आवाज आला.

दारात पन्नाशीची, सडपातळ, चष्मा कपाळावर चढवलेली बाई उभी होती. मी म्हटलं, नवी ग्रंथपाल, माने, आणि हे दिसायला बरं दिसत नाही. "तो न दिखे," ती म्हणाली आणि मी सरळ केलेले सगळे कोपरे पुन्हा दुमडून मोकळी झाली. ही गणिताची प्राध्यापिका आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मुसल्ला नुसता पसरून ठेवला तर माणसं गेल्यावर त्यावर सैतान येऊन नमाज पढतो, असं तिची आजी सांगायची. "आणि तुम्ही मानता हे?" मी विचारलं. "मानती नहीं हूँ. मोड़ती हूँ," ती म्हणाली. त्यानंतर आमची गट्टी जमली ती जमलीच.

त्या खोलीची स्वच्छता तिनं आपल्या अंगावर घेतली होती. कुणी सांगितलं नव्हतं. हातपाय धुऊन आलेल्या मुली ओल्या पायांनी मुसल्ल्यावर उभ्या राहायच्या आणि मखमलीला कुबट वास सुटायचा, म्हणून उंबऱ्याशी तिनं जाड पंचा टाकला होता. "पहले पाँव सुखाओ, फिर अल्लाह से बात करो," असं मुलींना दटावायची. धुतलेला मुसल्ला ती कधी पिळत नसे, गच्चीच्या सावलीत पाणी निथळू द्यायची. घडी मात्र उभीच घालायची, आडवी नाही. आडवी घातली की पायांची बाजू कपाळाच्या बाजूवर येते. "माथा माथे से मिले, पाँव पाँव से," हे ती इतक्यांदा म्हणायची की घरी चादरींच्या घड्या घालताना माझ्याही तोंडून तेच निघायला लागलं. नवरा म्हणाला, तू जयपूरची झालीस की काय! माझ्या घरी सोवळ्याओवळ्याचं अवडंबर आईनंच मोडून काढलं होतं, पण ही स्वच्छता वेगळी होती. हिच्यात कुणाला लांब ठेवायचं नव्हतं. कुणीतरी परकी मुलगी आपलं कपाळ तिथे टेकणार आहे, एवढीच काळजी होती.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी धुळीची आंधी आली. आभाळ पिवळं पडलं, खिडक्या धडाधड आपटायला लागल्या. त्या लावायला आम्ही दोघी खोलीत गेलो आणि ती थबकली. "मानेजी, कोने आपने सीधे किए?"

मी नाही म्हटलं. सगळे कोपरे सरळ होते. वाऱ्यानं झालं असेल असं मी म्हणाले. तिनं एकेक कोपरा दुमडला आणि शेवटच्या मुसल्ल्याशी बसून राहिली. त्यावर बुटाचा ठसा होता, नागमोडी रेघांचा, टाचेत आडवी चीर गेलेला. चालता चालता उमटलेला नव्हता. माथ्याकडच्या बाजूला, बरोबर मधोमध, पाय दाबून उमटवलेला.

मी फोन काढला. तिनं माझा हात धरला. "फोटो लेंगी तो रखना पड़ेगा. कौन रखेगा ये?" आणि मुसल्ला उचलून ती नळाकडे गेली.

त्यानंतर ठसे येत राहिले. कधी आठवड्यानं, कधी लागोपाठ. तीच चीर, तीच जागा. ती मुली यायच्या आत येऊन धुऊन टाकायची. तक्रार करा म्हणून मी तिच्यामागे हात धुऊन लागले होते, आणि ती एकच सांगायची, "शिकायत में कमरा चला जाएगा. लड़कियाँ कहाँ जाएँगी?" मला तिचा राग यायचा. भीतीही वाटायला लागली होती. वाचनालय बंद करताना त्या खोलीच्या दाराकडे न बघता मी कुलूप लावायची.

एक दिवस मखमलीत सिगारेटनं जाळलेलं भोक दिसलं. ते धुऊन जाण्यातलं नव्हतं. तिनं आपल्या जुन्या कुर्त्याचं ठिगळ लावलं, पण माझा संयम संपला. तिला न विचारता मी संचालकांकडे गेले. ते भले गृहस्थ, लगेच उठून आले. खोलीत वाळ्याचा मंद वास, फरशी लख्ख, मुसल्ले ओळीत, कोपरे दुमडलेले. त्यांनी ठिगळावरून बोट फिरवलं. "मैडम, यहाँ तो सब साफ-सुथरा है. निशान कहाँ है?"

मी मागोमाग दारात येऊन थांबलेल्या नुसरत मॅडमकडे बघितलं. ती फरशीकडे बघत होती. तिनं स्वतःच्या हातांनी सगळं धुऊन टाकलं होतं.

पुढच्या महिन्यात सूचना लागली. खोलीतल्या अस्वच्छतेबद्दल तक्रारी आल्या आहेत, आरोग्याच्या दृष्टीनं ती बंद करण्यात येत आहे. अख्ख्या इमारतीत जिथे अनवाणी चालावं अशी एकच जागा होती, तिला घाण म्हटलं होतं. मी संतापले होते. नुसरत मॅडम सूचना वाचून चष्मा डोळ्यांवरून कपाळावर चढवत म्हणाली, "चलिए, दहलीज़ का तौलिया तो सुखा लें."

त्या सत्राअखेर तिनं राजीनामा दिला आणि मुलाकडे कोट्याला गेली. जायच्या दिवशी वाचनालयात आली, उभी घडी घातलेला एक मुसल्ला माझ्या टेबलावर ठेवला. मी घडी उघडली. खोली बंद झाली त्या दिवशीचा ठसा त्यावर तसाच होता. वाळलेला चिखल, नागमोडी रेघा, टाचेतली चीर. घडीमुळे तो समोरच्या मखमलीवरही फिकट उतरला होता. माथ्यावर माथा.

"इसे धोइएगा मत," ती म्हणाली. आयुष्यभर धूत आलेली बाई हे म्हणत होती. तिनं माझ्या गालावर हात ठेवला. तिचा हात साबणानं खरखरीत झाला होता. मग ती गेली. तिची आठवण रोज येते आणि रोज मनातून टोचते.

तो मुसल्ला माझ्या कपाटात आहे. तेव्हापासून मला लोकांच्या पायांकडे बघायची सवय लागली आहे. ती चांगली सवय नव्हे, पण जात नाही.

परवा सकाळी सफाईला येणाऱ्या कमलाबाईंनी वाचनालयाची फरशी पुसली. ती वाळायच्या आत मुलं आत आली. मी काउंटरमागून उठले आणि दारातच थांबले. ओल्या फरशीवर नागमोडी रेघा होत्या. टाचेत आडवी चीर. पावलं आत आलेली होती, बाहेर गेलेली नव्हती. वाचनाच्या टेबलांभोवती मुलं, शिक्षक, ऑफिसातले दोघे, सगळे पुस्तकांत मान घालून बसले होते. काहीजणांनी मान वर करून मला नेहमीसारखं नमस्ते केलं.

कमलाबाई पोछा घेऊन पुन्हा आल्या. "फिर गंदा कर दिया," असं पुटपुटत त्या वाकल्या.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "कमलाजी, ये मत पोंछिए."