चूक न सांगणारा मिस्त्री

परतूरमध्ये जुनी वॉशिंग मशीन हातात घेणारा एकच मिस्त्री उरलाय, राधाकिसनकाका. सत्तरी ओलांडली, तरी माणूस कामाला वाघ. उमेदीची वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये मोटारींचे पट्टे चढवण्यात गेली.

आमची मशीन वडिलांनी, म्हणजे गोरक्षनाथांनी, पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली. ते माघात गेले आणि मी पुण्याची नोकरी सोडून घरी आलो. यंदा दसरा झाला आणि मशीन बंद पडली. मोटार गुणगुणायची, आतला पंखा जागचा हलेना. मी भंगारवाल्याला सांगून मोकळा झालो. आई त्या दिवशी जेवली नाही. वडील गेल्यापासून ती माझ्यासमोर रडलीही नव्हती. "त्यांच्या हातची वस्तू हाय," एवढंच म्हणाली आणि सकाळी काकांना फोन लावला. मी वैतागलो.

काकांनी मागचं झाकण काढलं. हाताने पट्ट्याचं चाक एका अंगाला फिरवलं, तसा पंखा डावीउजवीकडे झुलू लागला. "हे धुणं." उलटं फिरवलं, तर पंखा आणि टब एकत्र गरगरले. "हे पिळणं. मोटार एकच, नुसती दिशा बदलती. आतलं समदं बराबर हाय."

मग त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. ते तेलाने माखलं. खंडेनवमीला ट्रॅक्टर, विळे यांच्याबरोबर आईने मशीनही पूजली होती आणि झाकण काढून पट्ट्याला तेल लावलं होतं. मग पट्टा घसरणार नाही तर काय होणार? मी तोंड उघडणार, तोच काकांनी मला डोळ्यांनी दटावलं.

"पट्टा ढिला झाल्ता, वहिनी." त्यांनी पट्टा आणि चाकं साबणाने धुतली, कोरडी केली, पट्टा ताणून बसवला. मशीन चालू झाली. आईने तिच्यावर हात ठेवला आणि ढसाढसा रडली.

फाटकाशी मी विचारलं, "काका, तिला खरं का नाही सांगितलं?"

"तुझा बाप बी दरसाली तेल लावायचा. दसरा सरला की मशीन बंद, अन् मला बोलावणं. मंग चहा, गप्पा, दिवस जायचा. सांगितलं असतं, तर कशाला बोलावलं असतं त्यानं?" ते हसले, पण डोळे भरले होते. "गोरख गेला, तवा वाटलं, या घरी आता आपलं काही काम न्हाई. आज वहिनीचा फोन आला, तर जेवता जेवता उठून आलो."