गार राखेतल्या मिरच्या

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — आणि सांगतानाही दाराची कडी नीट लागलीय ना, हे पुन्हा बघून आले.

आमच्या वाड्यावरचे, आसपासच्या घरांतले लोक दिश्ट — दृष्ट हो — काढून घ्यायला माझ्याकडे येतात. सासूच्या मागे ते काम माझ्याकडे आलं. मीठ-मिरच्या ओवाळायच्या आणि चुलीत टाकायच्या. मिरच्यांचा ठसका लागला तर दिश्ट नाही, न लागला तर जबर दिश्ट. एवढंच त्यातलं शास्त्र. तुम्ही विचाराल, तुझा विश्वास होता का? खरं सांगू? माझी स्वतःची भीतीची धडधड ओवाळून कधी गेली नाही. ती गोळ्यांनी गेली — वास्कोच्या मनाच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी. पेडण्याहून एवढ्या लांब वास्कोला कशाला? तिथे ओळखीचं कुणी भेटत नाही म्हणून. वाड्यावर सांगायचे, नणंदेकडे जाते.

संगीता माझी शेजारीण. तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, बोलायला लागली की थांबायची नाही. एक दिवस ती कामावर गेलीच नाही. दुपारी येऊन माझ्या उंबऱ्यावर बसली. "वैनी, माका भंय दिसता. कसलो, तो कळना. न्हीद येना. डॉक्टराक दाखवूया?"

मला लगेच कळलं. तीच विनाकारण भीती, तीच उडालेली झोप — माझंच तर दुखणं होतं ते! आणि मी घाबरले — तिच्यासाठी नव्हे हो, माझ्यासाठी. डॉक्टर कुठला, तुला कसा ठाऊक, असं तिनं विचारलं तर? वाड्यावर बातमी फुटली तर? पिशी म्हणतील, वेडी ठरवतील. मग कोण आपली पोरं माझ्यासमोर बसवील?

मी मिरच्या घेतल्या. ओवाळल्या. आणि — कसं सांगू — निखाऱ्यांवर टाकल्याच नाहीत. चुलीच्या कडेला, गार राखेत टाकल्या. तिची पाठ होती माझ्याकडे.

"बघ, ठसको लागलो? दिश्टच ती," मी म्हटलं. "डॉक्टराकडे जाव नको. लोक कितें म्हणतले?"

तिनं विश्वास ठेवला. पावसाळाभर येत राहिली, आणि मी दर वेळी राखेतच टाकत राहिले. आधी तिचं बोलणं आटलं, मग जेवण. पुढे पुढे पोटच्या मुलीनं हाक मारली तरी ती वळून बघेना. शेवटी तिचा भाऊ आला आणि तिला इस्पितळात घेऊन गेला. त्या दिवसांत मी तिच्या बंद दाराकडे बघायचं टाळायचे. ती परत आलीच नाही तर? आणि आली, बरी झाली, तिला सगळं उमगलं तर? खरं म्हणजे ही दुसरी भीतीच मोठी होती.

ती आली. गेल्या महिन्यात देवळाच्या मंडपात बायकांची सभा भरली होती. मनाच्या आजाराबद्दल मोकळेपणी बोला, असं एक नर्स सांगत होती. संगीता आपणहून उभी राहिली. म्हणाली, "हांव गोळ्यो घेतंय. लजेचां कितें आसा त्यात?"

नर्सनं विचारलं, आणखी कुणी बोलणार? मी मान वर केली नाही.

मग संगीतानंच माझ्याकडे बोट केलं. "ह्या वैनीन माका लय सांबाळलां. सगळ्यांनी पाठ फिरयली, हिणें न्हय."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले, हात जोडले आणि खाली बसले.