सासुरवाडीतला प्रयोग

लातूरच्या आमच्या हौशी नाट्यमंडळात लोकांना हसवणारा माणूस एकच होता. बाकीचे आम्ही वाक्यं म्हणायचो. ते एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक, आम्ही त्यांना काका म्हणायचो. नाटकात ते गडी आणि मी त्यांचा मालक. मी कॉलेजात शिकवतो, एवढ्या पात्रतेवर मला मालक केलं होतं.

काकू गेल्या आणि काकांचं हसवणं गेलं. वाक्यं तीच, पडणं तेच, पण उदगीरला आणि अहमदपूरला लोक शोकसभेला आल्यासारखे बसून राहिले. एका तालमीनंतर काका म्हणाले, "सर, अजून एकदा करून बघतो. न्हाई हसले तर मी थांबतो. असलं तोंड घेऊन लोकांना कशाला छळायचं?"

त्यांच्या सासुरवाडीत प्रयोग लावायची कल्पना माझी. चाकूरच्या पुढचं गाव, जत्रा, सगळी घरची माणसं. घरची माणसं हसणारच, असं मी धरून चाललो. जावई एका घराचा नसतो, गावाचा असतो, हे मला ठाऊक होतं. त्याचा नाटकाशी काय संबंध, हे कळायला प्रत्यक्ष तिथं जावं लागलं.

वेशीवरच्या फ्लेक्सवर नाटकाचं नाव कोपऱ्यात होतं. मधोमध काका, वर 'जावईबापूंचे सहर्ष स्वागत'. प्रयोग चारचा होता. सरपंच, माजी सरपंच आणि सरपंच होऊ इच्छिणारे असे तिघं कलेच्या महत्त्वावर बोलले. त्यातल्या एकानं खाली उतरताना मला विचारलं की पिक्चर किती वाजता लागणार. मग काकांच्या चुलत सासऱ्यांनी त्यांना गुलाबी फेटा बांधला. विंगेत काकांनी फाटकं बनियन चढवलं आणि फेट्याला हात घातला, तर म्हातारे मागंच उभे. म्हणाले, राहू द्या, गावानं बांधलाय. तेव्हा आमचा गडी फाटक्या बनियनवर नवाकोरा फेटा घालून रंगमंचावर आला.

पहिल्याच प्रवेशात तो बादलीला अडखळून पडतो. एके काळी या पडण्याला शिट्ट्या यायच्या. आता पुढच्या रांगेतले दोघं वर चढले, त्यांनी काकांना उठवलं आणि एकानं त्यांच्या गुडघ्यावरची माती झटकली. बायकांनी डोक्यावर पदर घेतले होते. त्यातल्या दोघीतिघींनी तो डोळ्यांना लावला. त्यांना काकू आठवत असाव्यात. आमचं विनोदी नाटक बघून बायका रडत होत्या आणि त्यांना थांबवण्यासारखं आमच्याकडं काही नव्हतं.

दुसऱ्या प्रवेशात मालक गड्याला केरसुणीनं बडवतो. मी केरसुणी उचलली. चुलत सासरे जागेवर उभे राहिले.

"सर, तेवढं सोडून करा. लेक न्हाई राहिली, पण जावई आमचाच हाय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर वाद घालता आला असता. पुढचे सगळे विनोद त्या केरसुणीवर बेतलेले. मी ती खाली ठेवली आणि दोन पावलं मागं सरलो. बादली तिथंच होती. पाय बादलीत गेला आणि मी खरोखरचा आडवा झालो.

अख्खं मैदान हसलं. सरपंच हसले, मघाशी रडणाऱ्या बायका हसल्या. मला उचलायला कुणी आलं नाही. मागून एकानं पुन्हा पडायची फर्माईश केली. काका शेजारी उभं राहून लोकांकडं बघत होते. मग त्यांनी आपलं पुढचं वाक्य बरोबर म्हटलं. त्या हशात ते मला एकट्यालाच ऐकू आलं.

निघताना काकांना पूर्ण आहेर झाला, आम्हाला एकेक नारळ. जीपमध्ये काका माझ्या शेजारी बसले. चाकूर मागं पडल्यावर म्हणाले, "लोक हसतात की, सर. मला वाटत होतं, लोकांचंच हसणं आटलं."



पुढच्या रविवारी ते तालमीला आले. धुऊन घडी घातलेलं फाटकं बनियन माझ्या हातात दिलं आणि कसं पडायचं ते तीनदा पडून दाखवलं. हात आधी टेकायचा नाही, खांदा सोडायचा. तिसऱ्यांदा उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. त्यानंतर ते आले नाहीत.

गड्याचं काम आता मी करतो. चार प्रयोग झाले. लोक बेताचं हसतात. चारही वेळा मी फोन करून बोलावलं. काका नक्की येतो म्हणतात आणि येत नाहीत.