चौदाव्या खोलीतली फायबर

माझं काम नेमकं काय, हे सांगायला लागले की लोक ताटातल्या कोशिंबिरीकडे बघायला लागतात. म्हणून आमच्या पार्सिपनी गावातल्या जेवणावळींमध्ये मी नुसतं "सॉफ्टवेअर" म्हणते आणि सुटते. खरं काम असं: गावोगावचे फोन आणि इंटरनेट केसाएवढ्या काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून, जातात. ती कुठे तुटली, कुठलं यंत्र रुसलं, हे ऑफिसात बसून एका पडद्यावर दिसावं यासाठी जे सॉफ्टवेअर लागतं, ते मी बसवते. बसवणं दोन दिवसांचं असतं. ते खरं बोलतंय की थापा मारतंय हे बघायला मात्र प्रत्येक ठिकाणी स्वतः जावं लागतं.

गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत मी उत्तर मिशिगनमध्ये होते. एका छोट्या टेलिफोन कंपनीच्या बावीस खोल्या. खोल्या म्हणजे हायवेच्या कडेला, झाडांच्या आड उभे केलेले सिमेंटचे ठोकळे. खिडकी नाही, आत यंत्रं आणि पंख्यांची घरघर. प्रत्येक खोलीत मी एक फायबर उपसायची. तिकडे पडद्यावर लाल अलार्म यायला हवा. परत लावली की तो जायला हवा. म्हणजे काम दोघांचं, एक उपसणारा आणि एक बघणारा.

बघणारे होते काका. कंपनीने देखरेखीसाठी नेमलेले निवृत्त इंजिनिअर, वय पंचाहत्तरच्या पुढे, दूर नोव्हाय गावात आपल्या घरी बसून पडदा बघायचे. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून त्यांनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"साताऱ्याची."

"मी नागपूरचा. चला, सुरू करा."

संपली ओळख. मी चोपन्न वर्षांची बाई, पण त्यांना काका म्हणून टाकलं, आणि म्हणताना बरं वाटलं. असं म्हणायला माझ्याकडे आता फारसं कुणी उरलेलं नाही.

त्यानंतर आमचं संभाषण ठरून गेलं.

"काढतेय."

"थांबा... हं, बाकी सगळं हिरवं आहे. काढा."

"काढली."

"आला."

"लावली."

"गेला. पुढची."

दिवसाला दोन खोल्या व्हायच्या. म्हणजे दिवसातून दोनदा एवढं बोलणं, आणि तेही मराठीत. बाकी दिवसभर मोटेलच्या काउंटरवरची मुलगी "ऑल सेट?" म्हणायची तेवढंच. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. लोक म्हणतात सवय होते. सवय होते ती दोन कप चहा न टाकण्याची. एकट्याने तो एक कप प्यायची होत नाही. मी एकटी होते आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं, हे इथे सरळ लिहून टाकते, कारण तोंडाने मी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

लेक ॲन आर्बरला संशोधन करते. गुणी पोर आहे. माझ्याशी बोलायचं तर कॅलेंडरवर वीस मिनिटांची जागा करून मला आमंत्रण पाठवते आणि मी ते स्वीकारते. त्या शुक्रवारी काम आटपून मी तिच्याकडे जाणार होते. चिवड्याचा डबा गाडीत होता. तीनच्या सुमाराला तिचा मेसेज आला: "आई, सो सॉरी! लॅब थिंग. नेक्स्ट वीकेंड फॉर शुअर!" पुढे तीन बदाम. मीही उलट एक बदाम पाठवला. दुसरं काय करणार?

मोटेलकडे परत निघाले तेव्हा चार वाजत होते. आता सोमवारपर्यंत माझ्या कानावर माणसाचा आवाज पडणार नव्हता. वाटेत चौदावी खोली लागली. ती मंगळवारीच पास झाली होती, तिथे माझं काडीचं काम नव्हतं. पण किल्ली माझ्याकडे होती. काका पाचपर्यंत पडद्यासमोर असतात हे माहीत होतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी मी गाडी वळवली.

आमचा नियम पक्का होता. आधी विचारायचं, मग काढायची. हे जाळं कड्यासारखं गोल असतं. एका बाजूने तुटलं तर सगळं बोलणं दुसऱ्या बाजूने फिरून जातं. म्हणून काढण्याआधी दुसरी बाजू शाबूत आहे ना, हे काका बघून घ्यायचे. तीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. रोज मीच फोन करायचे. एकदा तरी त्यांनी करावा, असं मला वाटत होतं. न विचारता काढली की लाल अलार्म दिसेल आणि ते फोन करतील, एवढाच माझा हिशेब होता.

मी फायबर उपसली आणि मोबाइल हातात धरून उभी राहिले. अर्ध्या मिनिटात वाजला. मला आनंद झाला. फोन उचलायच्या आधी मी केससुद्धा नीट केले, आहे की नाही गंमत?

"लाव! आधी लाव ती!" काका ओरडत होते. "दुसऱ्या बाजूला रस्ता खणताना फायबर तुटलीय, दहा मिनिटं झाली. दोन गावं बंद पाडलीस तू!"

रोज टचकन बसणारं ते टोक आता भोकात जाईना. एकदा खाली पडलं. ते पुसलं, परत लावलं, सुटलं, परत लावलं. पंख्यांची घरघर चालू होती.

"गेला," काका शेवटी म्हणाले.

तीन मिनिटं झाली होती. तेवढा वेळ दोन गावांत फोन नव्हते. शाळेत नाही, दवाखान्यात नाही, कुणाला ॲम्ब्युलन्स हवी असती तर तीही बोलावता आली नसती. कुणाला लागली नाही, हे नंतर कळलं. ते त्या गावांचं नशीब, माझं काही कर्तृत्व नाही.

"रिपोर्टमध्ये कॉज काय टाकू?" काकांनी विचारलं. "ही साइट ट्यूसडेलाच पास केली होती आपण."

थाप जिभेवर तयार होती. कनेक्टर लूज वाटला, साफ करायला काढला. असली वाक्यं या धंद्यात पैशाला पासरी मिळतात आणि त्यांनी ती लिहूनही घेतली असती. मी खाली फरशीवर बसले.

"काका, मला कुणाचा तरी आवाज ऐकायचा होता. लेक येऊ नको म्हणाली. आता दोन दिवस कुणी बोलणार नव्हतं. वाटलं, अलार्म दिसला की तुम्ही फोन कराल."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुपारी साडेचारला हा माणूस एकटाच रात्रीचा भात लावून बसला होता.

"मग फोन करायचा," ते म्हणाले. "फायबर कशाला काढायची?"

मला रडू फुटलं. दोन आठवडे त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, आणि तो कामाशिवाय लावता येतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इथे आम्ही सगळे आधी "फ्री आहेस का" असा मेसेज टाकतो, मग वेळ ठरवतो, मग त्या वेळेला दोघांपैकी एकाचं काहीतरी निघतं.

त्यांनी माझं रडणं थांबू दिलं. मग म्हणाले, "मी खरं तेच टाकणार. न विचारता केलेली टेस्ट, इंजिनिअरची एरर."

"टाका," मी म्हटलं.

त्यांनी टाकलं. सोमवारी माझ्या साहेबांचा फोन आला, मागून समज देणारं पत्र आलं आणि उरलेल्या खोल्या दुसऱ्या इंजिनिअरकडे गेल्या. जे व्हायला हवं होतं तेच झालं, तक्रार नाही. चिवड्याचा डबा तसाच घेऊन मी पार्सिपनीला परत आले.

पुढचे दोन रविवार मी नंबर काढून नुसती बघत बसले. दोन गावं बंद पाडणाऱ्या बाईने कुठल्या तोंडाने फोन करायचा? तिसऱ्या रविवारी, सकाळी अकराला, मेसेज न टाकता सरळ लावला. चार वेळा वाजला. ठेवणार एवढ्यात उचलला.

"हं," काका म्हणाले. "आता काय काढलंस?"

"काही नाही काका. बिनकामाचा केलाय."

पलीकडे कढईत काहीतरी चरचरत होतं.

"थांब," ते म्हणाले. "गॅस बंद करून येतो. ठेवू नकोस."