बारावीचं गणित, एकोणतिसाव्या वर्षी

उल्हासनगरच्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी माझी बारावीची गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि परत सरकवली. "मॅडम, यात मॅथ्स कुठंय? तुमचं बायो आहे. कॉम्प्युटर सायन्सला बारावीचं मॅथ्स लागतंच."

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. लग्न होऊन आठ वर्षं झालेली, मुलगी पहिलीत. उल्हासनगरच्याच कॅम्प तीन भागातल्या एका जीन्सच्या कारखान्यात मालाची नोंद कॉम्प्युटरवर करायचे. तिथला प्रोग्राम बिघडला की दुरुस्तीला एक मुलगी यायची. तिच्यामागे उभी राहून मी बघत राहायचे. हे आपल्याला शिकायचंय, हे तिथेच मनात बसलं होतं. पण बारावीला नर्सिंगच्या नादात मी गणित सोडून दिलं होतं.

"दुसरा काही मार्ग?" मी विचारलं.

माझ्यामागे रांग वाढत होती, तरी बाई थांबल्या. एका कागदाच्या मागे त्यांनी मला लिहून दिलं की फक्त गणित हा एकच विषय बाहेरून बसून देता येतो, फॉर्म कधी निघतो, कुठे भरायचा. "पास करा आणि पुढच्या वर्षी या," त्या म्हणाल्या. तो कागद त्यांनी दिला नसता तर मी तशीच घरी येऊन गप्प बसले असते.

बदलापूरला घरी आल्यावर जेवताना मी हे सांगितलं. नवरा म्हणाला, क्लास लाव. पण नोकरी, मुलगी आणि क्लास यांची वेळ जमेना. सासरे जेवत राहिले. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्यभर काम करून निवृत्त झालेले, अतिशय कमी बोलणारे. आठ वर्षांत आमचं संभाषण म्हणजे चहा आणि पेपर एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी असताना ते कुठूनतरी बारावीच्या गणिताचं पुस्तक घेऊन आले.

"साडेपाचला उठशील का?"

"बाबा, तुम्ही शिकवणार?"

"बघू."

तेव्हापासून रोज साडेपाच ते सात. लिमिट मला काही केल्या समजेना. किंमत जवळ जाते पण पोचत नाही, म्हणजे काय? बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "अगं, ग्राइंडिंगला आम्ही लोखंड घासत घासत मापाच्या जवळ जायचो. अजून जवळ. अजून. पण ओलांडायचं नाही. ओलांडलं की जॉब, म्हणजे तो अख्खा तुकडा, भंगारात." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, समजलं का म्हणून. समजलं होतं.

एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटायची. नवा धडा ते कधी आयत्या वेळी सुरू करत नसत. "हे उद्या," म्हणायचे, आणि दुपारी अंबरनाथला देवळात जाऊन येतो म्हणून निघायचे. दुसऱ्या दिवशी तो धडा त्यांना पाठ असायचा.

हिवाळ्यात त्यांना ताप आला आणि चार दिवस ते घरीच होते. पाचव्या दिवशी त्यांचा फोन वाजला, ते झोपले होते म्हणून मी उचलला. पलीकडून एक म्हातारा आवाज आला, "काय हो, येणं बंद केलंत? आमचं इंटिग्रेशन अर्धं राहिलंय."

मी कोण ते सांगितलं. पलीकडे हसू ऐकू आलं. "म्हणजे तूच ती सून. अगं, तुझे सासरे रोज इथे येऊन दोन तास शिकतात. त्यांचं शिक्षण आयटीआयपर्यंतचं. हे गणित त्यांनी कधी केलेलंच नाही."

हे गृहस्थ बाबांच्या कारखान्यातले ड्रॉइंग ऑफिसचे साहेब होते. त्यांचं नाव आमच्या घरात निघत नसे. एका बढतीवरून दोघांचं बिनसलेलं, आणि दहा-बारा वर्षं बोलणं बंद होतं. सासूबाईंनी ते मला लग्नानंतर लगेचच सांगून ठेवलं होतं. त्या माणसाच्या दारात बाबा वही घेऊन गेले होते. कसे गेले असतील, बेल वाजवून पहिलं वाक्य काय बोलले असतील, हे मी पुष्कळदा मनात आणून बघितलंय.

बाबा जागे झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "साहेबांचा फोन होता. इंटिग्रेशन राहिलंय म्हणाले."

ते उठून बसले. "चांगला शिकवतो तो," म्हणाले. "आधीही हुशारच होता."

त्यानंतर मीही रविवारी त्यांच्याबरोबर अंबरनाथला जाऊ लागले. दोघं एका बाजूला, मी एका बाजूला, मधे पुस्तक. एका उदाहरणावरून त्यांची अशी जुंपायची की मलाच उत्तर काढून त्यांना थांबवावं लागायचं. परीक्षेत मला एकसष्ट गुण मिळाले. साहेबांनी पेढे आणले, आणि बाबांनी माझी प्रश्नपत्रिका मागून कुठले गुण गेले असतील ते शोधत दुपार घालवली.

पुढच्या वर्षी प्रवेश झाला. वर्गात माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान मुलं, मला ताई म्हणायची. डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, शेवटी प्रोजेक्ट. एकदा एक विषय राहिला, तो पुढच्या खेपेला काढला. तीन वर्षं नवऱ्याने संध्याकाळचा स्वयंपाक सांभाळला आणि कधी बोलून दाखवलं नाही. आता मी अंबरनाथच्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे.

पदवीची शेवटची गुणपत्रिका आली त्या दिवशी बाबांनी ती भिंग घेऊन वाचली. एकेका विषयावर बोट ठेवून ते विचारत गेले, "हे काय असतं? आणि हे?" मी सांगत गेले. कंपायलर समजावताना मला तीनदा अडवलं. सासूबाईंनी दोनदा ताटं वाढल्याची हाक मारली. बाबा म्हणाले, "थांब गं, अजून चार विषय राहिलेत."