बर्गंडी आणि आमची हाडकी

वाईन मी आजवर जिभेवर घेतलेली नाही. पंचशील घेतलेल्या घरातला मी. तरी फ्रान्सातल्या बर्गंडीची वाईन मला कळते, आणि ज्या दुपारी ती कळली त्या दुपारचा राग अजून उतरलेला नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. इनामगावला घोड नदीच्या काठी पुरातत्त्ववाल्यांचं खोदकाम चाललं होतं. मी बी.ए. होऊन तिथं खापरांवर नंबर घालायला रोजंदारीवर लागलो होतो. एकदा खोदकाम पाहायला एक फ्रेंच पाहुणा आला. त्याच्या घरचे लोक बर्गंडीत पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षं लावणारे. हे कळल्यावर आमच्या गावच्या एका बागायतदारानं त्याला आपली द्राक्षबाग बघायला बोलावलं. इंग्रजी येतं म्हणून दुभाष्या मी.

ती बाग ज्या जमिनीत उभी होती, ती तीन वर्षांपूर्वीपर्यंत आमची होती. गावची मेलेली ढोरं ओढून नेण्याच्या बदल्यात आमच्या वाडवडिलांना मिळालेली. हाडं तिथंच पडायची म्हणून तिचं नाव हाडकी. उतारावरची, निव्वळ मुरूम. बागायतदार म्हणाला, ही मला द्या, खालची तेवढीच काळी तुम्ही घ्या. आबा, म्हणजे माझे वडील, नको म्हणत होते. "मुरमात पानी थांबत न्हाई. मुळी खोल जाती. कवा ना कवा कामाला यील."

पण मी शिकलेला ना! आपल्या लोकांच्या वाट्याला काळी जमीन येतेय आणि हा म्हातारा दगडं कवटाळून बसलाय, असं मला वाटलं. तीन दिवस भांडलो. "आबा, तुम्हाला काय कळतंय?" म्हणालो आणि कागदावर अंगठा करायला लावला. कालव्याच्या पाण्यानं ती काळी वर्षभरात चोपण झाली, वर पांढरं मीठ फुटलं, जोंधळासुद्धा धरेना. शेजारच्या वावरात मीठ आधीच फुटलं होतं. बागायतदारानं ते बघितलं होतं. मीही बघितलं असतं, बघायला गेलो असतो तर.

बागेत शिरल्यावर पाहुणा वेलींकडे बघेचना. उकिडवा बसला, मूठभर मुरूम उचलला आणि काटकीनं जमिनीवर एक उतार काढला. म्हणाला, आमच्याकडे लाल वाईनला बहुतेक एकाच जातीचं काळं द्राक्ष, पांढरीला बहुतेक एकाच जातीचं पांढरं. फरक असतो तो जमिनीचा. पायथ्याची माती भारी, ओल धरणारी. तिची वाईन साधी, बाटलीवर नुसतं प्रांताचं नाव. जरा बऱ्या जमिनीच्या बाटलीवर गावाचं नाव. उताराच्या मध्यावर चुनखडीची, गोट्यांची जमीन, तिथं पाणी ठरत नाही, मुळीला खाली खाली जावं लागतं. तिथल्या बाटलीवर गावाबरोबर शेताचंही नाव येतं. आणि त्यातली अगदी मोजकी शेतं अशी, की त्यांना गावाच्या नावाचीही गरज नाही. बाटलीवर फक्त शेताचं नाव. मालक बदलतात, शेताचं नाव बदलत नाही.

मी हे मराठीत सांगत होतो आणि माझं डोकं तापत होतं. आबांचंच बोलणं होतं ते. आबांनी सांगितलं तेव्हा अडाण्याची बडबड, आणि फ्रान्सहून इंग्रजीत आलं की शास्त्र! बागायतदार माना डोलवत होता, जणू त्याच्याच आजोबानं हे शोधून काढलं होतं.

पाहुण्यानं विचारलं, या शेताचं नाव काय?

"सांग त्याला, नाव न्हाई. सर्व्हे नंबर हाय," बागायतदार म्हणाला.

जन्मभर आम्हाला हिणवायला हाडकी म्हणणारा हा माणूस! आता तिथली द्राक्षं पुण्याच्या बाजारात जातात म्हणून त्याला नाव आठवेना. मी सांगितलं, हाडकी. हाडं कशाची, ती कुणी ओढून आणायची, जमीन कुणाची होती, कुणी कशी लाटली, सगळं सांगितलं. पाहुण्याचा चेहरा पडला. त्यानं वही काढली आणि एकेक अक्षर विचारून नाव लिहून घेतलं.

"येवढं लांबलचक काय सांगतुयास रं?"

"नाव सांगतोय," मी म्हणालो.

घरी आलो तेव्हा आबा अंगणात खाटेवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं ऐकवलं, बागायतदाराला शिव्या घालत, शेजारच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आन् त्या सायबाला ह्ये सांगितलंस का, अंगठा कुनी करायला लावला त्ये?"

तेवढं मी सांगितलं नव्हतं.